गंगम्माचा आवाज

सोमवारी सकाळी स्वप्नानं आठची गोळी घेतली नाही.

धनश्री नेहमीसारखी उजव्या तळहातावर गोळी आणि डाव्या हातात तांब्या घेऊन नणंदेसमोर उभी होती. स्वप्ना आरशात बघून वेणी घालत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "अप्पा म्हणले, आता न्हाई घ्यायची."

गोळी चुकवायचे प्रकार धनश्रीला नवे नव्हते. सात वर्षांत स्वप्नानं गोळ्या गालात धरून ठेवल्या होत्या, कुंडीत पुरल्या होत्या, एकदा तर एक गोळी दुकानातल्या नव्याकोऱ्या पातेल्यात टाकली होती आणि ते पातेलं गोळीसकट गिऱ्हाइकाच्या घरी गेलं होतं. त्यावर पुढे सगळे हसले, स्वप्नाही हसली. पण तेव्हा घरातलं मोठं माणूस तिच्या बाजूनं नव्हतं. आज सासरेच तिच्या बाजूनं झाले होते आणि त्यांना ओरडून बोलायची या घरात पद्धत नव्हती. धनश्रीनं गोळी कागदात गुंडाळून पदराच्या गाठीत बांधली आणि ती चहा टाकायला गेली.

गोळी बंद झाली की काय होतं हे या घरानं एकदा बघितलं होतं. चार वर्षांपूर्वी स्वप्नाचं लग्न ठरवताना आजार लपवला, आणि आजार लपवायचा म्हणून गोळ्याही बरोबर दिल्या नाहीत. लग्न झालं की पोरगी आपोआप ताळ्यावर येईल असं सगळ्यांत मोठ्यानं सांगणारे सासरे, शिवमूर्तीअप्पाच होते. अडीच महिन्यांनी सेलूच्या पुढे, भर दुपारी, रुळांच्या मधोमध उभी असलेली एक बाई गँगमनला दिसली. त्यानं हाताला धरून बाजूला घेतली म्हणून ती आज आरशासमोर बसून वेणी घालत होती. सासरच्यांनी तिला परत आणून सोडली, मानवतच्या बाजारपेठेत चार दिवस कुजबुज झाली, आणि तेव्हापासून दोन्ही वेळची गोळी द्यायचं काम धनश्रीनं आपल्याकडे घेतलं. सासूबाई, म्हणजे गंगम्मा, तेव्हा म्हणाल्या होत्या, "तुह्या हातून घेती ती. महं ऐकत न्हाई." त्यात थोडा रुसवा होता आणि पुष्कळ सुटका होती.

गंगम्माला जाऊन आता चौदा महिने झाले होते. त्या गेल्या आणि स्वप्नाला त्यांचा आवाज येऊ लागला. आधी जे आवाज यायचे ते घाणेरडं बोलायचे, तिला मर म्हणायचे. हा आवाज तसा नव्हता. तो भाजीत मीठ कमी झालं म्हणायचा, अप्पांनी स्वेटर घातला का विचारायचा. परभणीच्या डॉक्टरांनी हेही आजारातच धरलं आणि गोळी वाढवली. धनश्रीला ते पटलं होतं. तरीही कधीकधी सैपाकघरात एकटी असताना तिच्या मनात येई, आपल्याशी बोलायला कुणी नाही. निदान हिच्याशी तरी बोलतात.

गेल्या गुरुवारी दुपारी सगळे जेवायला बसले होते. स्वप्नानं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि थेट गंगम्माच्या ठसक्यात म्हणाली, "ओ दुकानदार, मह्या हातात दुसरंच लिंग हाय. महं लिंग शिवानं ठिवून घेतलंय."

गंगम्मा नवऱ्याला आयुष्यभर दुकानदारच म्हणाल्या. भांड्यांचं दुकान, त्यात बसणारा हा माणूस, आणि घरातही तोच रुबाब, म्हणून चिडवायला सुरू झालेलं नाव पुढे तसंच राहिलं. अप्पांच्या हातातला घास हातातच राहिला. लिंगायताच्या गळ्यातलं लिंग जन्मभर माणसाच्या अंगावर असतं आणि शेवटी बसवलेल्या देहाच्या डाव्या तळहातावर ठेवून त्याच्याबरोबर मातीत जातं. त्यात घोटाळा झाला असेल, ही गोष्ट अप्पांना बायको पुन्हा एकदा मेल्यासारखी वाटली. थोरला मुलगा, धनश्रीचा नवरा महांतेश उठला आणि त्यानं परभणीला धाकट्या भावाला, घरात ज्याला शिवा म्हणत त्या शिवकांतला, फोन लावला. फोनचा आवाज सगळ्यांना ऐकू जावा असा ठेवला. शिवकांत म्हणाला, "हाव. मह्याकडं हाय."

त्या तीन शब्दांनी घराचे दोन तट पडले. महांतेश तोवर बायकोच्या बाजूनं होता. परभणीच्या खेपा त्यानंच केल्या होत्या. पण हे ऐकलं आणि तो वडिलांच्या शेजारी जाऊन बसला, तो तिथंच राहिला. रात्री धनश्रीनं त्याला समजवायचा प्रयत्न केला. तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "मला बी माहीत नव्हतं ते तिला कसं कळलं, तेवढं सांग. मग मी तुहं ऐकतो."

*

शिवमूर्तीअप्पा त्या सोमवारी पहाटेच आंघोळ करून, कपाळाला भस्म लावून, ओसरीवर बसले होते. शिवकांत सातच्या गाडीनं येणार होता. पाथरी रोडच्या शेतात गंगम्माची समाधी होती, तिथं तिचे अंत्यविधी केलेले नागेश स्वामी येणार होते. लिंग तिच्यापाशी पोचवायचं, एवढंच काम होतं. त्यांना गेल्या चौदा महिन्यांत इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

स्वप्नाची गोळी त्यांनी का बंद केली, हे कुणी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं की आता आजार नाही हे सिद्ध झालं, मग औषध कशाला. हे खरं होतं, पण एवढंच खरं नव्हतं. डॉक्टरांनी गोळी वाढवली तेव्हापासून गंगम्मा रोज येत नव्हती. आधी सकाळ-संध्याकाळ यायची, मग दिवसाआड झाली, मग आठवड्यातून एकदा. रोज शिवपूजा आटोपली की अप्पा लेकीच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहत आणि हळूच विचारत, "काय म्हणली का?" स्वप्ना मान हलवून नाही म्हणाली की त्यांना दुकानात जावंसं वाटत नसे. पन्नास वर्षं त्या बाईनं त्यांना टोचून बोलून उभं केलं होतं, जेवायला बसवलं होतं, झोपायला धाडलं होतं. आता घरातले सगळे त्यांच्याशी फार आदरानं बोलत आणि तो आदर त्यांना नकोसा झाला होता.

रूळ त्यांना आठवत नव्हते असं नाही. सेलूहून फोन आला तेव्हा तराजूत तांब्याचा हंडा होता, तो तसाच टाकून ते धावले होते. आपण पोरीला जवळजवळ मारलं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण तेव्हा तिच्या डोक्यात बोलणारे कुणी भलतेच होते. आता तिची आईच तिच्यापाशी होती, आणि आई लेकीला रुळावर उभी करील का? असा त्यांचा हिशेब होता. म्हातारा माणूस एकटा पडला की असे हिशेब मांडतो आणि ते बरोबर येतात.

शिवकांत आला. त्यानं खिशातून चांदीची छोटी डबी काढून वडिलांच्या हातावर ठेवली. अप्पांनी ती कपाळाला लावली. रागावले असते तर शिवकांतला बरं वाटलं असतं.

*

शेतात हरभरा निघाला होता आणि ढेकळं मोकळी पडली होती. समाधीच्या चौथऱ्याला महांतेशनं आदल्या दिवशी चुना लावून घेतला होता. नागेश स्वामी मोटारसायकलवरून आले, शरणार्थ म्हणत हात जोडले, आणि वेळ न घालवता कामाला लागले. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. चौथऱ्याच्या उत्तरेला हातभर खोल खड्डा घेतला, भस्म टाकलं, बेलाची पानं अंथरली. समाधी उकरायची नसते, हे त्यांनी फोनवरच सांगितलं होतं.

शिवकांत लिंबाखाली उभा राहून बघत होता. परभणीत त्याचं औषधांचं दुकान होतं. बहिणीची गोळी तोच पाठवायचा. ती अचानक बंद केली तर आठ-दहा दिवस काही वाटत नाही, उलट माणूस तरतरीत दिसतं, आणि मग एकदम सगळं कोसळतं, हे त्याला या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. आणि दुसरीही एक गोष्ट फक्त त्यालाच माहीत होती.

नांदेडच्या दवाखान्यात आईच्या डोक्याचा फोटो काढताना अंगावरचं सगळं उतरवायला सांगितलं होतं. मंगळसूत्र, जोडवी, लिंगाची डबी. त्यानं ते सगळं आपल्या बॅगेत टाकलं. दुसऱ्या दिवशी पहाटे आई गेली. इकडे आणून बसवली, स्वामींनी लिंग मागितलं, आणि बॅग तीनदा उलटी केली तरी डबी सापडेना. चारशे माणूस जमलेलं. आईचं लिंग हरवलं असं त्या गर्दीत म्हणायची त्याची छाती झाली नाही. त्यानं स्वामींना बाजूला घेतलं. स्वामींनी आपल्या झोळीतलं एक लिंग काढून, भस्म लावून त्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, "गुरूनं दिलेलं कोणतंबी लिंग खरंच असतंय." शिवकांतनं ते आईच्या तळहातावर ठेवलं आणि गार पडलेली बोटं एकेक करून मिटवली. तीन आठवड्यांनी डबी बॅगेच्या फाटक्या अस्तरात सापडली.

कुणाला सांगावं हे त्याला सुचलं नाही. बायकोला सांगितलं नाही, भावाला नाही. आणि त्याच महिन्यात स्वप्ना डॉक्टरकडे दाखवायला म्हणून दोन दिवस त्याच्या घरी राहायला आली. संध्याकाळी गच्चीवर दोघंच होते. तो तिच्यापुढे लहान पोरासारखा रडला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. स्वप्नानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला होता. कुणाला सांगणार नाही असं तिनं कबूल केलं आणि वर्षभर पाळलं. घरातली जी एकटी जमिनीवर नीट उभी नव्हती, तिच्याच डोक्यावर त्यानं आपलं ओझं नेऊन ठेवलं होतं. गुरुवारी फोनवर त्यानं एवढंच म्हणायला हवं होतं की स्वप्नाला मीच सांगितलं. पण पलीकडून वडिलांचं रडणं ऐकू आलं आणि पुन्हा त्याची छाती झाली नाही.

स्वामींनी डबी उघडून लिंगाला पाणी घातलं, खड्ड्यात ठेवलं, माती लोटली. पूजा संपली. हात धुता धुता ते अप्पांना म्हणाले, "महं काम झालं. आता एक सांगू का. आपल्यात गेलेलं माणूस लिंगाशी एक होतंय, ते मागं येऊन बोलत न्हाई. पोरीची गोळी चालू ठिवा."

धनश्रीनं चमकून स्वामींकडे बघितलं. सकाळपासून तिला मिळालेला हा पहिला आधार होता.

अप्पांनी हात जोडले, पण मान हलवली नाही. "स्वामी, तुमी अन् शिवा सोडून ही गोष्ट कुणालाच ठावकी नव्हती ना? तुमी कुणाला बोललाव?"

"मी न्हाई बोललो."

"मग तिला कोण सांगितलं?" अप्पा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात भांडण नव्हतं, आनंद होता. "आजपसून गोळी बंद. पोरीला आपण सात वर्षं येडी ठरवली. पाप केलं आपण." मग ते स्वप्नाकडे वळले. ती चौथऱ्याजवळ मांडी घालून बसली होती आणि चुन्यावर बोट फिरवत होती. "विचार बाई तिला. आता समाधान हाय का म्हणावं."

स्वप्नानं डोळे मिटले. महांतेशनं डोक्यावरची टोपी नीट केली. शिवकांतला बहिणीचा चेहरा दिसत होता. ती ऐकायचा प्रयत्न करत होती, कपाळाला आठ्या पडल्या होत्या, ओठ हलत होते. कुणीतरी परीक्षेला बसवल्यासारखी ती दिसत होती. ते त्याला बघवलं नाही.

"अप्पा," तो म्हणाला, "स्वप्नाला मी सांगितलं होतं."

एकदा तोंड उघडल्यावर मात्र त्यानं काही ठेवलं नाही. दवाखाना, बॅग, झोळीतलं लिंग, गच्ची, सगळं सांगितलं. महांतेश मध्येच एक पाऊल पुढे आला, मग थांबला. धनश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला त्याचा संताप आला होता आणि त्याच वेळी त्याच्या पाया पडावंसं वाटत होतं. कारण आता हे सगळं इथं संपणार होतं. स्वप्नानं डोळे उघडले आणि अगदी साधेपणानं म्हणाली, "हाव. शिवाअण्णानंच सांगितलं होतं गच्चीवर. तवा आईबी होती तिथं. ती ऐकायली होती."

महांतेशनं वडिलांकडे बघितलं. चार दिवस त्यानं जे धरून ठेवलं होतं ते त्याच्या हातातून सुटत होतं, हे दिसत होतं. अप्पा मात्र हलले नाहीत.

"बरं," ते म्हणाले. "डबीचं तू सांगितलंस. दुकानदार कोण सांगितलं?"

"अप्पा, ती लेक हाय. जन्मल्यापसून ऐकत आली."

"ऐकत तर तुमी समदेच आलाव. तुमाला कुणाला येतंय का तसं? तू बोलून दाखव. महांतेश, तू दाखव." अप्पांनी छातीवर हात ठेवला. "महं पन्नास वर्षांचं माणूस हाय ते. मला वळखू येत न्हाई का?"

स्वामी मोटारसायकलकडे निघाले होते ते थांबले.

"मला येतंय," धनश्री म्हणाली.

*

तिच्या डोक्यात एवढंच होतं की हे सिद्ध करायचं. तेरा वर्षं ती त्या बाईच्या हाताखाली वावरली होती. तिच्यासारखी भाकरी थापायला शिकली, तिच्यासारखा पदर खोचायला शिकली. सुरुवातीच्या वर्षांत तर ती आणि स्वप्ना सैपाकघरात तिची नक्कल करून तोंडात पदर कोंबून हसत असत. ज्या घरात तेरा वर्षं राहिलं त्या घरातला आवाज कुणालाही काढता येतो, त्यात भूत लागत नाही की देव लागत नाही. तेवढं एकदा अप्पांनी आपल्या कानांनी ऐकलं की झालं.

तिनं पदर कमरेला खोचला, मान जरा वाकडी केली आणि बोलली.

"ओ दुकानदार, उनात कामून हुबे ऱ्हायलाव? टोपी कुठं ठिवली? सांगून सांगून महं तोंड दुखलं. तुमाला काई फिकीर हाय का मही?"

तिच्या अंदाजापेक्षा ते फार चांगलं निघालं. शेवटच्या शब्दाला गंगम्मा जसा श्वास सोडायच्या तसा श्वासही सुटला. चौदा महिने तिनंही त्या बाईसाठी रडणं आवरून धरलं होतं, घरात रडायला इतर माणसं होती म्हणून. ते सगळं त्या एका वाक्यात आलं.

ती मान सरळ करून म्हणाली, "बघा अप्पा. कुणालाबी येतंय हे."

अप्पांनी डोक्यावर हात फिरवला. टोपी खरोखरच नव्हती, ती गाडीत राहिली होती. मग त्यांनी दोन्ही हात जोडले आणि ते धनश्रीच्या पुढे वाकले. सासऱ्याला आपल्यापुढे वाकलेलं बघून ती दोन पावलं मागे सरली. तिनं महांतेशकडे बघितलं. आता हा तरी हसेल, म्हणेल की अप्पा, ही आपली धनश्री हाय. महांतेश खाली वाकून पायातल्या चपला काढत होता.

"अप्पा, मी धनश्री हाय," ती म्हणाली. "मी नक्कल केली. तुमीच म्हणलाव ना, दाखवा म्हणून."

"हाव, हाव," अप्पा म्हणाले. त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. "धनश्रीच हायस तू. हाव."

सात वर्षं स्वप्ना भिंतीत माणसं आहेत म्हणायची तेव्हा घरातले सगळे तिला याच सुरात हो म्हणायचे. धनश्रीही म्हणायची. ते ऐकणाऱ्याला कसं लागतं, हे तिला त्या शेतात कळलं. तिनं पुन्हा सांगायचा प्रयत्न केला. जितकं सांगावं तितके ते दोघं मऊपणे मान हलवत राहिले. शिवकांत लिंबाला पाठ टेकून खाली बसला होता. स्वामींनी एकवार अप्पांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मोटारसायकलला किक मारली.

स्वप्ना उठून उभी राहिली होती. तिच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

"आई," ती धनश्रीला म्हणाली, "तू वहिनीकडं गेलीस? मला सोडून?"

*

परतताना अप्पांनी धनश्रीला पुढच्या सीटवर बसायला सांगितलं. तिनं ऐकलं नाही, ती मागे स्वप्नाशेजारी जाऊन बसली. स्वप्ना खिडकीला चिकटून, दोन्ही हातांनी कान झाकून बसली होती. थोड्या वेळानं तिनं हात काढले आणि पुन्हा झाकले. असं तीनचारदा केलं.

"बोलंना गेली," ती पुटपुटली. "आत कुणीच न्हाई आता. लय शांत हाय."

क्षणभर धनश्रीला आशा वाटली. हेच तर सगळ्यांना हवं होतं. डॉक्टर सात वर्षं याच्याच मागे होते. पण मग तिनं स्वप्नाच्या चेहऱ्याकडे बघितलं. सेलूहून परत आणली त्या दिवशी तिचा चेहरा असाच होता, सगळं आवरून घेतलेल्या घरासारखा.

"मग मी आता कशाला ऱ्हायचं?" स्वप्ना म्हणाली. ती कुणाला विचारत नव्हती.

धनश्रीनं पदराची गाठ सोडली. गोळी काढून तळहातावर ठेवली, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली घेतली. "घे," ती म्हणाली. "मही बाई न्हाई का तू. घे."

स्वप्नानं गोळीकडे बघितलं, मग तिच्याकडे. तिचे डोळे धनश्रीच्या चेहऱ्यावर कुणालातरी शोधत होते. ती मान हलवून म्हणाली, "वहिनी, तुह्या हातून आता न्हाई घेत. तू आई घेऊन गेलीस."

गाडी बाजार समितीच्या फाटकाशी कापसाच्या ट्रॅक्टरांत अडकली. महांतेशनं हॉर्न दिला. पुढे अप्पा डोळे मिटून बसले होते, झोपलेले नव्हते, कान मागे लावून होते. धनश्रीला ते कळत होतं. समोर दोन वाटा होत्या आणि दोन्हीकडे काळोख होता. खरं बोलत राहिलं तर ही पोरगी गोळी घेणार नाही. आणि दुसरं जे होतं ते एकदा केलं की पुन्हा माघारी फिरता येणार नव्हतं. आज रात्रीची गोळी, उद्या सकाळची, परवाची. डॉक्टर ज्या आवाजाला घालवायला गोळी देतात त्याच आवाजात ती द्यायची. आपण बरोबर होतो हे या घरात आता कधीच कुणाला पटवता येणार नाही, आणि ते पटवायचा हक्कही आपल्याला राहणार नाही.

तिनं स्वप्नाच्या हातांकडे बघितलं. ते पुन्हा कानांवर गेले होते.

धनश्रीनं मान जरा वाकडी केली.

"कामून छळायलीस बाई मला?" ती म्हणाली. "गोळी घे गुमान. मी सांगायलेय."

पुढच्या सीटवर अप्पांचा श्वास थांबला. महांतेशनं आरशात बघितलं नाही. स्वप्नाचे हात हळूच खाली आले. तिनं लहान मुलीसारखं तोंड उघडलं, आणि धनश्रीनं गोळी तिच्या जिभेवर ठेवली, पाणी पाजलं, गिळली का ते बघितलं. गालात धरलेली नव्हती. सात वर्षांत पहिल्यांदाच तिनं इतक्या सरळपणे गोळी घेतली होती.

ट्रॅक्टर सरकला. स्वप्नानं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि तिचा हात ओढून आपल्या केसांवर नेला. बऱ्याच वेळानं, झोपेच्या आवाजात तिनं विचारलं, "आई, मग वहिनी कुठं गेली?"

धनश्री तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. खिडकीबाहेर ओळखीची दुकानं लागली होती. उत्तर देण्याआधी कोणत्या आवाजात द्यायचं, हे तिला ठरवावं लागलं.

"घरी हाय," ती गंगम्माच्या आवाजात म्हणाली. "झोप तू."